पोटखराब्यातला वारसा

मालवणच्या धक्क्यावर उभे राहून समोर पाहिले, तर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग, भोवतालचे खडक आणि समुद्र हे सारे एकच दृश्य वाटते. सरकारी कागदांत मात्र त्याचे तुकडे आहेत. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याचा. त्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि पुढच्या २०० मीटरांवर नियंत्रण. समुद्रात वनखात्याचे सागरी अभयारण्य. किनारपट्टीला सागरकिनारा नियमन अधिसूचना लागू. भरीला जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांबरोबर सिंधुदुर्गही जागतिक वारसा यादीत गेला.

इतके संरक्षण असताना तक्रार कशाची? तक्रार अशी की, या हद्दी खात्यांच्या सोयीने आखल्या आहेत, निसर्गाच्या व्यवहाराप्रमाणे नव्हेत. मालवणच्या खडकांवर प्रवाळ आहेत. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतात आणि उजेडाच्या साहाय्याने त्याच्यासाठी अन्न तयार करतात. किनाऱ्यालगतच्या उतारावर बांधकामासाठी माती मोकळी केली, की पहिल्या पावसात ती समुद्रात उतरते. पाणी गढूळ झाले की उजेड कमी पोचतो आणि गाळ प्रवाळावर बसतो. अभयारण्याची हद्द पाण्यात आणि दोषाचे मूळ जमिनीवर, अशी ही स्थिती आहे.

दुसरा दोष माणसांसंबंधीचा. हे अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यात गाभा तीन चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक. आपली मासेमारीची जागा जाणार, या भीतीने मच्छीमारांनी त्याला विरोध केला. ज्यांचे पोट समुद्राच्या आरोग्यावर अवलंबून आहे, तेच संरक्षणाचे विरोधक ठरावेत, हे त्या योजनेचे मोठे अपयश म्हणावे लागेल.

किनारा सोडून आत गेले की उलट चित्र दिसते. मालवण तालुक्यातील कुडोपीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेल्या माणसांच्या, प्राण्यांच्या आणि भौमितिक आकृत्या आहेत. २०२२ साली कोकणातील कातळशिल्पे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली, त्यांत कुडोपी आहे. पण यादीत नाव येणे म्हणजे संरक्षण नव्हे. त्याच यादीतील बारसूच्या सड्यावर २०२३ मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी मातीपरीक्षण सुरू झाले होते.

सड्यासारख्या जमिनीची नोंद सातबाऱ्यावर बहुधा ‘पोटखराब’ अशी असते. पीक येत नाही म्हणून खराब! माझ्या मते गोंधळाचे मूळ या एका शब्दात आहे. सड्यावरच्या भेगांतून मुरलेले पाणी पुढे उतारावरच्या झऱ्यांना आणि विहिरींना मिळते. पावसाळ्यात त्याच कातळावर गेंद फुलतात, कीटक खाणारी ‘सीतेची आसवे’ फुलते. गावची गुरे तेथेच चरतात. चिरेखाण निघाली की हे सारे एकदमच जाते. कातळशिल्पाभोवती कुंपण घालून भोवतीचा सडा खाणीला दिला, तर चित्र वाचेल, पण ज्या माळावर ते कोरले तो माळ उरणार नाही.

मग हे राखायचे कोणी? सदैव जागेवर असणारी संस्था एकच, ती म्हणजे ग्रामपंचायत. परंतु ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी २९ विषयांची जी यादी केली, तिच्यात ऐतिहासिक स्थळांचे रक्षण नाही. हाती उरतो तो २००२ चा जैवविविधता कायदा. त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक-जैवविविधता नोंदवही करायची असते. हे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. अखेर २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि त्यानंतर राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. दंडाच्या धाकाने भरलेली वही गावाच्या कितपत उपयोगाची, हा प्रश्न आहे.

तरी या मार्गाला अर्थ आहे, हे याच जिल्ह्यात दिसले. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराजवळच्या पाण्यात सापडलेल्या माशाचे ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ म्हणून २०२० मध्ये वर्णन झाले. २०२१ मध्ये तेथील दोन हेक्टरांहून थोड्या अधिक जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. हा दर्जा स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करूनच द्यावा, असे कायदा सांगतो. सड्यांसाठीही असा प्रस्ताव का होऊ नये?

येथे शाळेला काम आहे. आपल्या गावाची नोंदवही ग्रामपंचायतीत मागून वर्गात वाचा. सड्याची नोंद तीत आहे का, ते पाहा. नसेल तर जून ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला मुलांना घेऊन एकाच ठरलेल्या जागी जा. कोणती फुले आली, पाणी कोठे साचले, झरा कधी सुरू झाला आणि कधी आटला, हे तारखेसह लिहा. कातळशिल्प असेल तर त्यावर पाय न देता, खडू न लावता त्याचे माप घ्या. ही वही ग्रामसभेपुढे ठेवा. पुढे कोणी खाणीसाठी ती जमीन मागितली, तर ‘पोटखराब’ या नोंदीसमोर ठेवायला गावाजवळ निदान दुसरी एक नोंद असेल.