नऊ टन सुतळी

नाटकाचे परीक्षण येते, सिनेमाचे येते, हल्ली तर मिसळीचेही येते. पण प्रेक्षणीय स्थळाचे परीक्षण आल्याचे मी कधी पाहिले नाही. येते ती निव्वळ स्तुती. याचे कारण उघड आहे. तिकिटाला पैसे घातलेला मनुष्य परत आल्यावर 'काही विशेष नव्हतं हो' असे म्हणायला धजत नाही. खर्चाचा आकडा घरात सर्वांना माहीत असतो. मग डोळ्यांचे पारणे फेडून घेण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही. मी पडलो बँकेतला कारकून. दुसऱ्याने लिहिलेल्या आकड्यांवर टिकमार्क करण्यात माझी वीसेक वर्षे गेली. तेव्हा हे काम आपणच करावे असे मी ठरवले, आणि परीक्षणासाठी निवडले अमेरिकेतले कॅन्सस नावाचे राज्य.

निवडले म्हणजे काय, वाट्याला आले. माझा मेहुणा तिथल्या विचिटा या शहरात विमानांच्या कारखान्यात आहे. कॅन्सस म्हणजे प्रेअरीचा मुलूख. उत्तर अमेरिकेत प्रेअरी, दक्षिण अमेरिकेत पंपास, रशियात स्टेप आणि आफ्रिकेत व्हेल्ड, हे पाठ करून आपण भूगोलात चार गुण मिळवले. त्यांतला एक गुण आता प्रत्यक्ष पाहायचा होता. पण मेहुण्याने पहिल्याच दिवशी हात झटकले.

"भाऊजी, इथं बघण्यासारखं काही नाही. लोक नायगारा बघतात, ग्रँड कॅन्यन बघतात. कॅन्ससच्या फक्त वरून जातात."

"काही नाही तेच दाखव," ही म्हणाली. "एवढं लांब आलोय तर बघून घेऊ."

आणि मेहुण्याने खरोखरच ते दाखवले. विचिटाहून उत्तरेला निघालो की रस्ता फूटपट्टी ठेवून मारलेल्या रेघेसारखा जातो. वळण आले तर झोपलेली माणसे जागी होतात. दोन्ही बाजूंना गहू, मका, गवत आणि मग पुन्हा गहू. आपल्याकडे गाव जवळ आले हे देवळाच्या कळसावरून कळते, तिथे ते धान्याच्या कोठारावरून कळते. काँक्रीटचे उंचच उंच पांढरे नळकांडे कितीतरी मैलांवरून दिसते, आणि त्याच्या पायथ्याशी गाव असतेच असे नाही. आणखी वर गेल्यावर शेतांच्या कुंपणाचे खांब दगडाचे दिसू लागतात. इथे झाडेच नव्हती, म्हणून जुन्या शेतकऱ्यांनी जमिनीतला चुनखडीचा दगड फोडून त्याचे खांब उभे केले. मैलोन् मैल हे पिवळट खांब ओळीने उभे आहेत. माझ्या मते त्या टापूतली सर्वांत पाहण्यासारखी वस्तू हीच. पण तिला तिकीट नाही, त्यामुळे तिच्यापाशी कोणी थांबत नाही. आम्हीही थांबलो नाही.

पहिला मुक्काम लूकस. वस्ती चारशेच्या आत. एवढ्या वस्तीत आपल्याकडे एक पार आणि दोन राजकीय पक्ष असतात. लूकसमध्ये प्रेक्षणीय स्थळेच तीन-चार आहेत. त्यांतले मुख्य म्हणजे डिन्स्मूर नावाच्या गृहस्थाने केलेले 'ईडनचे उद्यान'. हा यादवी युद्धात लढलेला शिपाई. माणसे पेन्शनीच्या गोष्टी करू लागतात त्या वयात, म्हणजे चौसष्टाव्या वर्षी, १९०७ साली त्याने घराभोवती सिमेंटची माणसे, झाडे आणि साप उभारायला सुरुवात केली. एकूण सिमेंट ११३ टन. यात आदम आहे, ईव्ह आहे, आणि एका कोपऱ्यात 'श्रमाला क्रुसावर चढवले' असा देखावा आहे. चढवणारे चौघे जण: वकील, डॉक्टर, धर्मोपदेशक आणि बँकर. हे कळल्यावर मी कोणती नोकरी करतो ते तिथल्या बाईंना सांगायचे टाळले. वास्तविक मी बँकर नव्हे, कारकून. क्रुसावरच्या माणसाचे आणि माझे नाते अधिक जवळचे. पण हे इंग्रजीत समजावून सांगणे कठीण होते.

डिन्स्मूर १९३२ साली वारला, पण गेला नाही. अंगणातच समाधी आहे आणि आत काच बसवलेल्या पेटीत तो स्वतः निजलेला आहे. घरची माणसे सोडून इतर कोणी डॉलर दिल्याशिवाय आपल्याला पाहू नये, असे तो लिहून ठेवून गेला. मेल्यावरही उत्पन्न चालू ठेवणारा खातेदार मी प्रथमच पाहिला. कलाकृती म्हणून विचाराल तर आदमचे हात-पाय मला पटले नाहीत. त्याला सिमेंट जरा जास्त झाले आहे. पण माणसाला काही म्हणायचे होते, ते त्याने कोणाला न विचारता म्हटले, आणि तेही आपल्या अंगणात. समाधीत मी पाच मिनिटे होतो. हिने दारातूनच नमस्कार केला.

लूकसमध्येच जगातल्या सर्वांत मोठ्या वस्तूंच्या सर्वांत लहान प्रतिकृतींचा जगातला सर्वांत मोठा संग्रह आहे. हे नाव मला दोनदा वाचावे लागले. आमच्या हेड ऑफिसच्या परिपत्रकांची सवय असल्यामुळे तिसऱ्यांदा लागले नाही. आणि भर रस्त्यावर, २०१२ साली बांधलेले, चक्क संडासाच्या आकाराचे सार्वजनिक संडास आहे! मागची इमारत म्हणजे पाण्याची टाकी, पुढचे अंगण म्हणजे भांडे, आणि सगळीकडे रंगीत काचांचे आणि बशांचे तुकडे जडवलेले. आपल्याकडच्या स्टँडवर नाक दाबून आत शिरण्यात ज्याची हयात गेली त्याने इथे काय लिहावे? आत फरशी कोरडी होती, कडी लागत होती. आशय आणि आकृती यांचे इतके अद्वैत मी मराठी नवकवितेतही पाहिले नाही. पाचपैकी पाच.

दुसरे स्थळ लेबनन. हा अमेरिकेचा मध्यबिंदू. १९१८ साली सरकारी मोजणी खात्याने पुठ्ठ्याचा नकाशा कापला, तो टोकावर तोलून धरला आणि जिथे तोल साधला तो देशाचा मध्य असे ठरवले. मला ही पद्धत फार आवडली; आमच्याकडे ताळेबंद जुळत नसला म्हणजे साधारण असेच करतात. गंमत अशी की तो बिंदू निघाला एका शेतात, म्हणून स्मारक उभारले तिथून अर्ध्या मैलावर. दगडी चौथरा, वर झेंडा, शेजारी आठ-दहा माणसे मावतील एवढे प्रार्थनाघर. पर्यटक लोटतील या हिशेबाने जवळ एक मोटेलही बांधले होते, ते काही चालले नाही. त्यात १९५९ साली अलास्का आणि हवाई ही राज्ये देशात आली आणि अख्ख्या देशाचा मध्य उठून साउथ डकोटात गेला. लेबननकडे उरला 'एकमेकांना लागून असलेल्या अठ्ठेचाळीस राज्यांचा' मध्य. म्हणजे बढती रद्द झाली, पण खुर्ची तीच राहिली. गावाची वस्ती आता दोनशेच्या आत आहे. तिथे पोचल्यावर फोटो काढायचा एवढेच करता येते. आम्ही काढला. फोटोत मी, ही, झेंडा आणि मागे काही नाही.

खरे सांगायचे तर या ठिकाणी मला मेहुण्याचे म्हणणे पटू लागले होते. त्या गावाने स्वतः काहीच केलेले नाही. नकाशाने दिले आणि नकाशाने काढून घेतले. मी मनातल्या मनात लाल शाई काढली होती.

तिसरे स्थळ कॉकर सिटी. ही 'सिटी' पाचशे वस्तीची आणि तीही पुरती नाही. गाव वसवणाऱ्या चौघांनी नाव कोणाचे द्यायचे यावर पत्त्यांचा डाव मांडला आणि कॉकर जिंकला, अशी गोष्ट सांगतात. इथे काय पाहायचे? तर सुतळी. घायपाताच्या वाखाची, गवताचे भारे बांधायची सुतळी. १९५३ साली फ्रँक स्टोबर नावाच्या शेतकऱ्याने गोठ्यातले सुतळीचे तुकडे एकमेकांना बांधून गुंडा करायला घेतला. १९६१ साली त्याने तो गावाला देऊन टाकला तेव्हा त्याची उंची आठ फूट होती. १९७४ साली तो वारला तेव्हा व्यास अकरा फूट आणि सुतळी सोळा लाख फूट. सोळा लाख फूट म्हणजे जवळजवळ ४९० किलोमीटर. मुंबईहून पुण्याला जाऊन, परत येऊन, पुन्हा जाता येईल. त्यानंतर गावाने गुंडाळणे चालू ठेवले. दर ऑगस्टमध्ये सगळे जमून सुतळी वाढवतात. आज वजन नऊ टनांच्या पुढे आहे.

या गुंड्याला एक भाऊबंदही आहे, आणि भाऊबंदकीही आहे. मिनेसोटातल्या डार्विन गावी फ्रान्सिस जॉन्सनने १९५० पासून असाच गुंडा केला, तो सुमारे आठ टनांचा. पण तो एकट्याने केला म्हणून एकट्याने केलेल्यांत मोठा. कॉकरचा सगळ्यांनी केला म्हणून सगळ्यांत मोठा. जॉन्सन १९८९ साली गेला आणि त्याचा गुंडा तिथेच थांबला. कॉकरचा रोज वाढतो. थोडक्यात, एक मुदत ठेव आणि दुसरे बचत खाते.

हमरस्त्याच्या कडेला एका छपराखाली तो बसलेला आहे. चारी बाजू मोकळ्या. तिकीट नाही, रांग नाही, चप्पल काढा अशी पाटी नाही. दिसायला? मधून किंचित दबलेला, भुऱ्या रंगाचा, शाकारलेल्या झोपडीसारखा. जवळ गेले की गोठ्याचा वास येतो. समोरच्या रस्त्यावर निम्मी दुकाने बंद आहेत, पण त्यांच्या काचांमागे जगप्रसिद्ध चित्रांच्या नकला मांडल्या आहेत, आणि प्रत्येक चित्रात कुठे ना कुठे सुतळीचा गुंडा आहे. मोनालिसाच्या हातातसुद्धा. ती का हसते आहे ते मला पहिल्यांदाच कळले.

"हे बघायला दीडशे मैल आलो," मेहुणा हताशपणे म्हणाला.

इथे मला परीक्षक म्हणून एक खाते उघडावे लागले. या गावाजवळ एके काळी खरोखरचे प्रेक्षणीय स्थळ होते. वाकोंडा नावाचा झरा. सपाट मैदानात उंचवटा, आणि त्याच्या डोक्यावर खाऱ्या पाण्याचा गोल डोह. त्या मुलखातल्या मूळ रहिवाशांच्या अनेक जमातींचे ते तीर्थक्षेत्र. पुढे गोऱ्यांनी तिथे आरोग्यधामही काढले. १९५१ साली मोठा पूर आला, त्यानंतर पूरनियंत्रणासाठी धरणाचे घाटू लागले, १९६९ पर्यंत ग्लेन एल्डर धरण पुरे झाले आणि झरा, आरोग्यधाम, सगळे तलावाखाली गेले. तलावाला नाव दिले वाकोंडा. काठच्या सरकारी उद्यानात झऱ्याची लहानशी नक्कल करून ठेवली आहे. पुरात वाहून जाणाऱ्या खालच्या गावांना विचारा, धरण चुकले असे ती म्हणणार नाहीत. मीही म्हणत नाही. पण नावेच्या बाजूला एक झरा आणि जमेच्या बाजूला एक सुतळीचा गुंडा, अशी नोंद मी आयुष्यात कधी पास केली नसती. आणि त्या छपराखाली उभे राहून मला ती नापासही करवेना. झरा देवाने दिला होता, तो सरकारने घेतला. सुतळी त्यांची त्यांनी बांधली आहे.

मेहुण्याने पाटीवरच्या नंबरावर फोन लावला, तेव्हा दहा मिनिटांत एक वयस्क बाई सुतळीचे रीळ घेऊन आल्या. कोणीही यावे आणि आपला तुकडा जोडावा, अशी तिथे पद्धत आहे. हिने ताबडतोब पर्स उघडली आणि पुण्याहून आणलेल्या बाकरवडीच्या खोक्याचा तांबडा दोरा काढला. चार दिवस तो तिने जपून ठेवला होता! बाई हसल्या, पण घेईनात. सुतळी हीच लागते, नाहीतर गुंडा बिघडतो. नियमाच्या बाबतीत बाई आमच्या ऑडिटरपेक्षा कडक निघाल्या. हिने दोरा परत पर्समध्ये ठेवला. मग त्यांनी रिळातून सुतळी काढून दिली, आधीच्या टोकाला गाठ मारायला शिकवली, आणि आम्ही दोघे त्या गुंड्याभोवती प्रदक्षिणा घालत ती गुंडाळू लागलो. दोन फेऱ्यांत संपली. बाईंनी लांबी वहीत लिहिली आणि पुढे 'इंडिया' असे लिहिले.

"सासूबाईंचा गुंडा आठवतो का हो?" ही एकदम म्हणाली.

न आठवायला काय झाले? वाण्याच्या पुड्यांचा दोरा आई कधी टाकत नसे. गाठ सोडवायची, मांडीवर सरळ करायचा आणि गुंड्याला जोडायचा. फळीवर डाळीच्या डब्याशेजारी तो असे, नारळाएवढा. घरात दोरा लागला की ती म्हणायची, "नवीन आणा, त्याला हात लावू नका." स्वयंपाकघराला नवे ओटे बसवले तेव्हा सगळी फळी मी रिकामी केली.

"कुठं गेला तो?"

"असेल माळ्यावर," मी म्हणालो.

बाई वही मिटून निघाल्या. मेहुण्याने गाडी चालू केली होती.