जलसा, आंबेडकरी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अस्पृश्यतानिवारणाच्या चळवळीतून विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात महाराष्ट्रात रूढ झालेला प्रबोधनपर लोकनाट्यप्रकार. म. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या जलशांत त्याचे पूर्वरूप आढळते. नाशिककडील भीमराव कर्डक हे त्याचे एक प्रमुख प्रवर्तक. आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य (१९७८) या त्यांच्या ग्रंथामुळे या प्रकाराची पुष्कळशी माहिती लेखनिविष्ट झाली.

जलशाचा सांगाडा तमाशाचाच. ढोलकी, तुणतुणे, झीलकरी, सोंगाड्याची हजरजबाबी बतावणी आणि वग ही सामग्री महार-मांग कलावंतांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित होती. मात्र गणातील गणेशस्तवनाची जागा आंबेडकरांच्या वंदनाने घेतली. गौळणीतील शृंगार गळाला आणि वगात राजेरजवाड्यांऐवजी पाणवठा, मंदिरप्रवेश, मृतमांसाहार, महारकी व मुलांचे शिक्षण हे विषय आले. महाड (१९२७) व काळाराम मंदिर (१९३०) येथील सत्याग्रहांचा आशय निरक्षर श्रोत्यांपर्यंत गेला, तो बव्हंशी अशा सवालजवाबांतून. जलशाचे खरे नाट्यही तेथेच आहे. अडाणी वाटणारा सोंगाडा शहाण्या प्रतिपक्षाला त्याच्याच शास्त्राने निरुत्तर करतो, तेव्हा हसणारा श्रोता नकळत पक्ष घेतो. उलट, निव्वळ उपदेशपर पदांत कल्पनेपेक्षा आवेश अधिक. त्यांतील पुष्कळशी त्या त्या प्रसंगापुरतीच राहिली.

या शुद्धीकरणाची एक बाजू मात्र उपेक्षित राहिली. तमाशातील नाची ही जातीच्या व पुरुषी लालसेच्या दुहेरी दास्यात होती, म्हणून तिचे नृत्य वर्ज्य ठरले, हे चळवळीच्या स्वाभिमानाशी सुसंगतच होते. परंतु नृत्याबरोबर नर्तकीही रंगमंचावरून गेली. स्त्रियांची दुःखे जलशात पुरुषच स्त्रीवेषाने सांगत. जिच्या विटंबनेमुळे हा पालट घडला, तिला नव्या खेळात भूमिका मिळाली नाही.

अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि बार्शीचे अमरशेख यांच्या लालबावटा कलापथकानेही (१९४४) तमाशाचा साचा बदलला. तथापि तेथे शेतकरी-कामगारांचा वर्गलढा अग्रभागी होता, जलशात जातिव्यवस्था. १९५६ च्या धर्मांतरानंतर वग मागे पडून पदांचे महत्त्व वाढले. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या कवि-गायकांनी भीमगीतांची परंपरा समृद्ध केली आणि पुढे गायनपार्ट्यांतून स्त्रियांचा आवाजही ऐकू येऊ लागला.