उलटा करून पाहावा असा बोर्ड

जुन्या विंडसर्फ बोर्डाला फॉइल, म्हणजे बोर्डाला पाण्याच्या वर उचलणारा खांबावरचा पंख, बसवलेलं काम पाहायचं असेल तर आधी बोर्ड उलटा करावा. वरची बाजू फसवी असते. तिथे नवा रंग असतो, नवे पायपट्टे असतात, हौशी मालक असेल तर एखादा रंगवलेला मासाही असतो. करणाऱ्याची अक्कल कळते ती तळाला, शेपटाजवळच्या वीतभर खोबणीत.

मी ज्या बोर्डाबद्दल लिहितो आहे तो सॅन मटेओजवळ थर्ड ॲव्हेन्यूच्या काठावर पाहिला. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या या बाजूला उन्हाळ्यात दुपारनंतर वारा चढतो. आतलं खोरं तापलेलं, बाहेरचा समुद्र गारठलेला, आणि मधल्या डोंगरांच्या खिंडीतून हवा आत ओढली जाते. आसपासच्या गावांत मराठी घरं पुष्कळ आहेत, पण त्यांच्या गॅरेजात सायकली आणि गणपतीची मखरं जास्त दिसतात. हा बोर्ड मात्र गॅरेजातूनच बाहेर आला होता. वीसेक वर्षांचा, फॉर्म्युला जातीचा.

फॉर्म्युला बोर्ड म्हणजे जवळजवळ मीटरभर रुंदीचं, आखूड, बसकं धूड. सात-आठ नॉटच्या मरतुकड्या वाऱ्यातही शर्यत व्हावी म्हणून ते बनवलं गेलं. त्याच्यावर साडेबारा चौरस मीटरपर्यंतचं शीड आणि खाली ७० सेंटिमीटरची फिन. गेल्या शतकाच्या अखेरीस या बोर्डांची चलती सुरू झाली. मग फॉइल आलं, तोच वारा निम्म्याशिम्म्या शिडात पुरू लागला आणि ही धुडं भिंतीला टेकून राहिली.

गंमत अशी की फॉइलला जे हवं ते नेमकं याच धुडाकडे आहे. बोर्ड पाण्याच्या वर उचलला गेला की त्याच्या तळाचे सगळे बाक, सगळ्या खाचा निरुपयोगी होतात. रचनाकाराने ज्या तळासाठी जीव टाकला तो फक्त उड्डाणाआधीच्या काही सेकंदांपुरता आणि खाली आपटण्यापुरता उरतो. उरते ती रुंदी. फॉइलच्या खांबावर पाण्याचा आडवा जोर खोलवर लागतो आणि बोर्डाला कलंडवू पाहतो. तो पेलायला स्वाराचे पाय मधल्या रेषेपासून लांब, कडेवर असावे लागतात. ७० सेंटिमीटरच्या फिननेही हाच प्रश्न घातला होता, म्हणून तर शेपूट इतकं रुंद केलं. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विंडसर्फिंग प्रथमच फॉइलवर झालं. तिथला बोर्ड ९५ सेंटिमीटर रुंद होता. ऑलिंपिकच्या नव्या बोर्डाची रुंदी आणि गॅरेजातल्या जुन्या बोर्डाची रुंदी इतकी जवळ यावी, यात योगायोग फारसा नाही.

आता खोबण. फॉर्म्युला बोर्डाला खोल टटल खोबण असते. कॅलिफोर्नियाच्या लॅरी टटल यांचं नाव तिला आहे. फिनचं डोकं पुढून-मागून निमुळतं, ते खोबणीत पाचरीसारखं बसतं आणि डेकवरून, म्हणजे बोर्डाच्या वरच्या बाजूने, उतरणारे दोन बोल्ट त्याला वर ओढून धरतात. फिनसाठी हे उत्तम, कारण फिनचा जोर मुख्यतः आडवा. फॉइलचं गणित निराळं आहे. स्वार, शीड, बोर्ड मिळून शंभरेक किलोंचा भार पुढच्या पंखावर येतो आणि तो पंख खांबाच्या हातभर पुढे असतो. भिंतीतल्या खुंटीला सदरा टांगणं वेगळं आणि त्याच खुंटीला हातभर दांडा बांधून टोकाला माणूस लोंबकळवणं वेगळं. खांबाच्या डोक्याची पुढची कड खोबणीच्या छतावर वर दाबली जाते, मागची बाजू खाली उपसू पाहते आणि मागचा बोल्ट ताणला जातो. त्यातून वेग दुप्पट झाला तर त्याच कोनातल्या पंखाची उचल चौपट होते, म्हणजे लाटेवर एक चूक झाली की हा भार झटक्याने येतो. डोकं छताला टेकलेलंच नसेल तर सगळा जोर निमुळत्या बाजूंवर जातो आणि पाचर जे करते तेच होतं: खोबण फाटते.

या बोर्डावरचं काम इथे मनात भरतं. बोल्टांभोवती डेकवर टिचकी मारत गेलो. कडेला आवाज पोकळ, कारण आत थर्माकोल. खोबणीजवळ भरीव. पण भरीवपणा एकदम सुरू होत नाही, हळूहळू चढत जातो. खोबणीभोवतीचं थर्माकोल कोरून काढून तिथे घट्ट पीव्हीसी फोम भरला आहे, तो वरून डेकशी आणि खालून तळाशी कार्बनच्या कापडाने बांधला आहे आणि कापडाचा प्रत्येक थर आधीच्यापेक्षा मोठा कापला आहे. म्हणून ताण एका रेषेवर साचत नाही. कच्चा कारागीर चौकोनी ठिगळ लावतो आणि बोर्ड बरोबर त्या ठिगळाच्या काठाशी मोडतो. राळ अर्थातच इपॉक्सी. पॉलिएस्टर वापरली असती तर तिने थर्माकोल खाऊन टाकलं असतं.

छत टेकवण्याची युक्ती तर देखणीच. फॉइलच्या डोक्याला प्लॅस्टिकचा पातळ कागद गुंडाळायचा, छताला घट्ट केलेली इपॉक्सी लावायची, डोकं आत घालून बोल्ट हलके आवळायचे आणि रात्रभर सोडायचं. सकाळी छत त्या डोक्याच्या मापाचं झालेलं असतं. आतलं हे माप पाहणाऱ्याला कधीच दिसत नाही.

नाक कापलेलं नाही, हे मला आवडलं. तीन-साडेतीन मीटर लांबीच्या जुन्या बोर्डांचं नाक कापावंच लागतं, नाहीतर हवेत ते झुलत राहतं. फॉर्म्युला मुळातच आखूड. तरी लोक करवत चालवतात, कारण कापलेलं नाक दिसतं.

दोष एकच. वाऱ्याकडे कलताना कड पाण्यात अडकू नये म्हणून तळाच्या कडा तिरक्या तासल्या आहेत. ते योग्यच, पण ती उतरण शेपटापर्यंत नेली आहे. शेपटाची सपाट रुंदी उड्डाणाआधी वेग घेण्यासाठी लागते. हातभर आधी थांबायला हवं होतं.

तुमच्याकडे असा बोर्ड पडून असेल तर मोडीत काढू नका. मात्र खोबण एका बोल्टाची असेल तर त्या वाटेला जाऊच नका. दोन बोल्टांची असेल तर फॉइलच्या डोक्यावर मुलांच्या खेळातल्या चिकणमातीची गोळी ठेवा, बोल्ट आवळा आणि पुन्हा काढून पाहा. माती कागदासारखी पातळ झाली असेल तर छत टेकतं आहे. जाड राहिली असेल तर आधी छत भरा, पाण्यावर नंतर जा.