रात्र कोठे गेली?

काही वर्षांपूर्वी उपनगरातील एका शाळेत सातवीच्या मुलांना मी बीज रुजण्यावरचा एक लघुपट दाखवला. त्याला निवेदन होते. ते पुरेसे नाही असे वाटून मी स्वतःही मध्ये मध्ये बोलत होतो. शेवटी “काय पाहिले?” असे विचारले, तेव्हा मुलांनी निवेदकाची वाक्ये जशीच्या तशी म्हणून दाखवली. डोळ्यांनी काय दिसले हे कोणीच सांगितले नाही. मग वर्गाच्या बाईंनी सुचवले म्हणून तोच लघुपट आवाज बंद करून पुन्हा लावला आणि मी गप्प बसलो. या वेळी एका मुलीने विचारले, “सर, रोप एवढे वाढले, पण मध्ये एकदाही अंधार पडला नाही. रात्र कोठे गेली?”

चित्रपट पाहण्याचा नाद मला विद्यार्थिदशेपासून आहे. फिल्म सोसायटीचे खेळ पाहून शेवटच्या लोकलने घरी परतण्यात अनेक वर्षे गेली. हिंदी गाण्यांचे चित्रपट, इराणी बालचित्रपट, इटालियन वास्तववादी चित्रपट, मराठी चित्रपट असे सर्व प्रकार मी आवडीने पाहतो. ‘इतके वेगवेगळे चित्रपट तुम्हाला एकाच वेळी कसे आवडतात?’ असे लोक विचारतात. त्याचे उत्तर मला त्या मुलीच्या प्रश्नात सापडले. प्रत्येक चित्रपट काही वेळ गाळतो आणि काही वेळ ठेवतो. काय गाळले, काय ठेवले आणि का, हे पाहू लागले की देश, भाषा आणि प्रकार यांच्या भिंती आपोआप ठेंगण्या होतात.

वाटाण्याचे गणित

आपल्याकडे या गोष्टीची सुरुवातच एका रोपापासून झाली. दादासाहेब फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत चित्रपटाचे तंत्र शिकण्यासाठी लंडनला गेले आणि एप्रिलमध्ये परतले. कॅमेरा आला, पण भांडवल नव्हते. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर रोवला आणि अंकुर फुटून वेल होईपर्यंतची वाढ टिपली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही फिल्म पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज देण्याची तयारी दाखवली. पुढे ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातील कॉरोनेशन थिएटरमध्ये झळकला.

ही गोष्ट सांगताना बहुधा तीन तपशील दिले जातात : रोज एक चौकट टिपली, हे काम महिनाभर चालले आणि फिल्म मिनिटभराची झाली. आता वर्गात हे गणित करून पाहावे. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण १६ चौकटी दाखवल्या जात. महिन्याच्या ३० चौकटी पडद्यावर दोन सेकंदही टिकणार नाहीत. एका मिनिटासाठी १६ × ६० म्हणजे ९६० चौकटी लागतात. त्या ३० दिवसांत वाटल्या तर दिवसाला ३२ येतात, म्हणजे दर ४५ मिनिटांनी एक. एकच चौकट ३२ वेळा छापून मिनिट भरता येईल, पण मग वेल वाढताना दिसणार नाही. दर दोन सेकंदांनी उडी मारताना दिसेल. तेव्हा या तीन तपशिलांपैकी एक तरी चुकीचा असला पाहिजे. यामुळे दादासाहेबांचे मोठेपण कमी होत नाही. उलट, दिवसाला ३२ वेळा कॅमेऱ्यापाशी जाणारा माणूस डोळ्यांसमोर आणला तर ते वाढतेच. आणि हे काम रात्रीही चालले असेल तर दिवा लागला असेल, म्हणजे पुन्हा त्या मुलीचाच प्रश्न!

अंधेरी ते रोम

दादासाहेबांनी महिना मिनिटात बसवला. याच्या नेमके उलट काम व्हित्तोरिओ दे सिका यांनी ‘बायसिकल थीव्ज’ (१९४८) मध्ये केले. रोममधील एका बेकाराला नोकरी मिळते, पण नोकरीसाठी आवश्यक असलेली सायकल चोरीला जाते. ती शोधत बापलेक शहरभर हिंडतात. शेवटाकडे बाप फुटपाथच्या कडेला बसलेला आहे. समोर स्टेडियमबाहेर सायकलींच्या रांगा आहेत, तर एका दारापाशी एकच सायकल भिंतीला टेकून उभी आहे. तो उठतो, इकडे पाहतो, तिकडे पाहतो, पुन्हा बसतो. मग मुलाला ट्रॅमने पुढे जायला सांगतो. त्याच्या मनात काय चालले आहे हे कोणी बोलून दाखवत नाही, पण आपल्याला ते कळते. कारण निर्णय होण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ दिग्दर्शकाने तेथे ठेवला आहे. तो गाळला असता तर उरला असता एक चोर. ठेवल्यामुळे माणूस उरतो.

१९५२ च्या जानेवारीत भारतातील पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला. त्यात हा चित्रपट दाखवला गेला आणि बिमल रॉय यांच्यावर त्याचा खोल परिणाम झाला. कलकत्त्याहून आलेले बिमलदा प्रथम मालाडच्या बॉम्बे टॉकीजसाठी काम करत होते. पुढे त्यांच्या स्वतःच्या संस्थेचे काम अंधेरीच्या मोहन स्टुडिओत चाले. त्यांचा ‘दो बिघा जमीन’ (१९५३) पाहताना रोमची आठवण होतेच. जमीन वाचवण्यासाठी कलकत्त्यात हातरिक्षा ओढणारा शंभू आणि त्याचा मुलगा हेही बापलेकच. या चित्रपटाला १९५४ मध्ये कान महोत्सवात आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले.

दोन्ही चित्रपट थोर आहेत, तरी ते सारखे नाहीत. रिक्षांच्या शर्यतीत गिऱ्हाईक जास्त पैशांचे आमिष दाखवते, शंभू जिवाच्या आकांताने धावतो आणि चाक निखळते. येथे बिमलदा वेळ ताणत नाहीत, तुकडे तुकडे करून वाढवत नेतात. पाय, चाके आणि चेहरे एकामागून एक येतात आणि आपलाही श्वास लागतो. हा प्रसंग मला दे सिकांच्या कोणत्याही प्रसंगाच्या तोडीचा वाटतो. परंतु उत्तरार्धात संकटांमागून संकटे कोसळतात, तेव्हा पटकथाकाराचा हात दिसू लागतो. आपण शंभूला पाहायचे सोडून पुढच्या आघाताची वाट पाहू लागतो. गाणी आहेत म्हणून चित्रपट उणा, हा आक्षेप मात्र मला मान्य नाही. उणीव गाण्यांत नाही. जेथे पाहायला वेळ दिला नाही, तेथे ती आहे.

दोन वह्या, एक वराह

शिक्षकांनी अवश्य पाहावा असा एक चित्रपट इराणचा आहे. अब्बास किआरोस्तामी यांनी तेहरानमधील मुलांच्या बौद्धिक विकासासाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी १९७५ मध्ये तो काढला. त्याच्या नावाचा अर्थ ‘एका प्रश्नाची दोन उत्तरे’. लांबी अवघी पाच मिनिटांच्या आसपास. एक मुलगा मित्राची वही फाटलेल्या अवस्थेत परत करतो. पहिल्या उत्तरात मित्र सूड घेतो, मग उलट सूड, आणि नुकसान वाढत जाते. दुसऱ्या उत्तरात वही डिंकाने चिकटवली जाते. सुरुवातीची परिस्थिती तीच आणि फरक एकाच गोष्टीत, ही रचना प्रयोगशाळेतील माणसाला लगेच ओळखीची वाटते. पण येथे सावध राहावे. दोन्ही शेवट दिग्दर्शकानेच ठरवलेले आहेत, म्हणून हा पुरावा नव्हे, प्रतिकृती आहे. हा फरक मुलांशी बोलण्याजोगा आहे.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) मध्ये वेळेचा उपयोग अधिक धारदार आहे. गावातील डुकरे पकडण्याचे काम जब्याच्या कुटुंबावर लादलेले आहे. शाळेजवळ डुक्कर हाती येण्याच्या बेतात असताना राष्ट्रगीत सुरू होते. जब्या जागच्या जागी उभा राहतो, घरचेही थांबतात आणि डुक्कर निसटते. राष्ट्रगीताची ठरलेली वेळ सुमारे ५२ सेकंदांची. एरवी शाळेत ही सेकंदे आपण रोज न मोजता घालवतो. मंजुळे आपल्याला त्या वेळात उभे करतात. राष्ट्राचा मान राखणाऱ्या या मुलाचा मान कोण राखतो, हा प्रश्न एकाही संवादाविना विचारला जातो. प्रेक्षागृहात या प्रसंगी काही जण हसतात. पहिल्यांदा पाहताना मीही हसलो होतो आणि नंतर हसण्याची लाज वाटली. मला वाटते, ती लाजही दिग्दर्शकाने मोजून ठेवलेली आहे.

वर्गात काय करावे?

शाळेत चित्रपट दाखवतो तेव्हा आपण बहुधा विषयावरून निवडतो : प्रदूषणावर एक, आरोग्यावर एक. मग मुले चित्रपट ऐकतात, पाहत नाहीत. त्याऐवजी कोणत्याही चांगल्या चित्रपटाची तीन-चार मिनिटे घ्यावीत. प्रथम आवाज बंद ठेवून दाखवावीत आणि तीनच प्रश्न विचारावेत : काय दिसले? किती वेळ दिसले? काय दाखवले नाही? उत्तरे मिळेपर्यंत शिक्षकाने बोलू नये. हे सर्वांत अवघड आहे, हे अनुभवाने सांगतो.

आणि जमल्यास दादासाहेबांचा प्रयोग करावा. खिडकीत एका भांड्यात वाटाणा पेरून समोर मोबाइल ठेवण्याची जागा पक्की करावी. शाळेच्या वेळात तासाला एक याप्रमाणे रोज सहा छायाचित्रे घेतली, तर दहा दिवसांत साठ होतील. सेकंदाला सहा या गतीने दाखवल्यास दहा सेकंदांची फिल्म तयार होते. तिच्यात वेल सरळ वाढताना दिसणार नाही. दुपारचे शेवटचे आणि दुसऱ्या दिवशीचे पहिले छायाचित्र यांच्यामध्ये तो दर वेळी उडी मारेल, रविवारी तर आणखी मोठी. मुलांना ती उडी शोधू द्यावी. रात्र तेथे आहे.