पुसलेल्या शेवंतीची रायफल

नळी जिथे दस्त्याकडच्या जाड पोलादात शिरते, त्या भागाच्या अगदी माथ्यावर एकेकाळी फूल कोरलेले होते. आज तिथे कानशीच्या आडव्यातिडव्या रेघा दिसतात. नुसते पाहिले तर वाटते, घासटले असेल कशाने तरी. पण रायफल उन्हाच्या तिरपीत धरावी, बोटाचे टोक हलकेच त्या रेघांवरून फिरवावे, म्हणजे रेघांच्या कडेने तीन-चार पाकळ्यांची टोके हळूच वर येतात आणि मग आपल्या डोळ्यांना उरलेल्या पाकळ्या आपोआप दिसू लागतात. सोळा पाकळ्यांची शेवंती, जपानच्या सम्राटाची राजमुद्रा. आपल्याकडे दसऱ्याला शस्त्रांवर झेंडू-शेवंती वाहतात; तिथे ते फूल पोलादातच उमलवलेले असे, कारण शिपायाच्या हातातली रायफल त्याची नव्हेच, ती सम्राटाची, अशी त्यांची धारणा होती. 1945 मध्ये शरणागती झाली आणि खाली ठेवलेल्या लाखो रायफलींवरची ही मुद्रा घासून टाकली गेली. शस्त्र शत्रूच्या हवाली करायचे, पण सम्राटाचे चिन्ह नाही.

ही रायफल माझ्या भाच्याची. प्रवरेकाठच्या आमच्या कोल्हारात वाढलेला हा मुलगा आता अमेरिकेत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी जुनी लष्करी शस्त्रे पाहत हिंडतो. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही आणि लष्करी बनावटीची रायफल सामान्य माणसाच्या हाती येणे जवळजवळ अशक्यच. तिथे मात्र परवानाधारक दुकानात ओळखपत्र दाखवून, फॉर्म 4473 भरून, सरकारी पडताळणी झाली की पाऊणशे-ऐंशी वर्षांपूर्वीचे हे पोलाद रीतसर घरी नेता येते. भाच्याकडे मुक्कामाला असताना मी त्याच्याबरोबर त्या दुकानात गेलो होतो. भिंतीशी दोन जपानी रायफली, आरिसाका, उभ्या होत्या. एकीची शेवंती अखंड, दुसरीची पुसलेली. जाणकार संग्राहक अखंड फुलाला अधिक मोल देतात, कारण फूल शाबूत म्हणजे ती रायफल बहुधा रणांगणावर, पडलेल्या शिपायाजवळून उचललेली. पुसलेले म्हणजे बहुधा शरणागतीनंतर ढिगातून आलेली. भाच्याने पुसलेली निवडली. मला ती निवड मनापासून आवडली. अखंड फुलात केवळ साम्राज्य दिसते. या घासलेल्या जागेत साम्राज्याचा उदय आणि अस्त असे दोन्ही नखाएवढ्या जागेत एकत्र नांदतात.

फुलाच्या खालीच तीन चित्राक्षरे उभी कोरली आहेत. त्यांचा अर्थ इतकाच की हा नव्याण्णव क्रमांकाचा नमुना. जपानी राजपरंपरेच्या कालगणनेतले 2599 वे वर्ष म्हणजे आपले 1939, त्याचे शेवटचे दोन आकडे. आधीचा नमुना अडतिसावा, तो मेजी राजवटीच्या अडतिसाव्या वर्षाचा, म्हणजे 1905 चा. आरिसाका नारिआकिरा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी रायफल रचली, ती रशियाशी झालेल्या युद्धात मांचुरियाच्या धुळीने अडखळू लागली. तेव्हा नांबू किजिरो यांनी बोल्टची रचना सोपी केली आणि त्यावर सरकते पत्र्याचे झाकण बसवले. तो अडतिसावा नमुना. पुढे 6.5 मिलिमीटरची गोळी हलकी पडते असे वाटल्यावर 7.7 मिलिमीटरचा नव्याण्णवावा आला.

आता डाव्या अंगाकडे वळू. तिथे अनुक्रमांक आहे आणि त्या क्रमांकाशेजारी एक लहानसे चिन्ह: चार वर्तुळे एकमेकांत गुंतलेली. रचून ठेवलेले तोफगोळे वरून पाहिले तर जसे दिसतील तसे. ही कोकुरा शस्त्रागाराची खूण. मुळात ती टोकियोच्या शस्त्रागाराची. 1923 च्या भूकंपाने टोकियो उद्ध्वस्त झाल्यावर ते काम हळूहळू दक्षिणेला कोकुराला हलले आणि खूणही सोबत गेली. 9 ऑगस्ट 1945 च्या सकाळी अमेरिकेचे विमान दुसरा अणुबॉम्ब घेऊन निघाले, तेव्हा त्याचे पहिले लक्ष्य होते हेच कोकुराचे शस्त्रागार. शहरावर ढग आणि धूर दाटलेला होता. विमानाने तीनदा फेरी मारली, खालचे काही दिसेना, आणि ते नागासाकीकडे वळले. या चार वर्तुळांवर बोट ठेवले की एका शहराचे वाचणे आणि दुसऱ्याचे जळणे या दोन्ही गोष्टी बोटाखाली येतात. मी बराच वेळ ते बोट उचलू शकलो नाही.

क्रमांकाच्या आधी, इवल्याशा वर्तुळात, एक जपानी अक्षर आहे. रसिकाने खरे थांबावे ते इथे. रायफलींचे क्रमांक 99,999 पर्यंत गेले की मालिका संपे आणि पुढची मालिका नव्या अक्षराने सुरू होई. पण ही अक्षरे घ्यायची कोणत्या क्रमाने? जपानी वर्णमालेचा एक क्रम आपल्याला घरचाच वाटावा असा आहे: आ, इ, उ असे स्वर, मग क-वर्गापासून पुढे. बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या संस्कृत वर्णमालेचाच तो संस्कार. शस्त्रागारांनी मात्र दुसरा, जुना क्रम निवडला, तो ‘इरोहा’ नावाच्या कवितेचा. या कवितेत 47 अक्षरे आहेत आणि प्रत्येक अक्षर नेमके एकदाच येते. परंपरा तिचे कर्तृत्व आठव्या-नवव्या शतकातल्या कूकाई या बौद्ध आचार्यांना देते, आणि तिचा विषय आहे अनित्यता. फुललेले सारे गळून जाते हे बुद्धवचन. कारकुनांच्या दृष्टीने ती नुसती अनुक्रमाची सोय होती, मुलांनी शाळेत पाठ केलेली. तरीही आपण हे चित्र डोळ्यांपुढे आणावे: एका राष्ट्राचे कारखाने लाखालाखाने शस्त्रे घडवत आहेत आणि त्यांची मोजदाद चालली आहे सर्व काही नश्वर आहे असे सांगणाऱ्या कवितेच्या अक्षरांनी. एखाद्या कवीला ही कल्पना सुचली असती तर आपण तिला अतिरेकी म्हटले असते.

लाकडाकडे येऊ. दस्त्याच्या पाठच्या भागावर, खांद्याला टेकणाऱ्या टोकापासून पुढे, एक सरळ सांधा धावतो. पाहणाऱ्याला वाटते दस्ता फुटला आणि कुणीतरी चिकटवला. प्रत्यक्षात तो जन्मापासून दोन तुकड्यांचाच आहे. एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसवलेली. दस्ता मागे खाली उतरतो, म्हणून तो एकसंध काढायचा तर रुंद फळी लागते आणि तिचा बराचसा भाग वाया जातो. दोन तुकडे केले की अरुंद फळीत भागते, शिवाय पावसापाण्यात लाकूड पिळत नाही. ज्या देशाकडे डोंगर आहेत पण सपाट जमीन आणि खनिज बेताचे, त्याची काटकसर या सांध्यात दिसते. आणि ती काटकसर दरिद्री नाही, सुताराच्या अभिमानाची आहे. वरून उरुशीचा, म्हणजे तिथल्या झाडाच्या चिकाचा, पातळ थर. ऐंशी वर्षांच्या हातांनी तो मधाच्या रंगाचा झाला आहे.

या आरंभीच्या काळातल्या रायफलीला दोन गमतीचे अवयव आहेत. नळीखाली तारेचा एक घडीचा पाय, जमिनीवर टेकून नेम धरण्यासाठी. आणि मागच्या साइटला दोन्ही बाजूंना उघडणारे पंख, त्यावर खुणा: उडत्या विमानावर झाडायची गोळी विमानाच्या किती पुढे मारावी याचा हिशेब. एकट्या शिपायाने रायफलीने विमान पाडावे ही अपेक्षा भाबडी खरीच, पण ते पंख उघडून पाहावेत. ते इतक्या नाजूकपणे, इतक्या निर्दोषपणे उघडतात की ज्याने ते घडवले त्याचा त्या अपेक्षेवर पूर्ण विश्वास असला पाहिजे. नळीच्या आत मात्र भाबडेपणाला जागा नाही. तिथे क्रोमियमचा मुलामा आहे, कारण त्या काळच्या काडतुसांची राख क्षारयुक्त, आणि विषुववृत्ताजवळच्या दमट अरण्यात उघडे पोलाद पाहता पाहता गंजते. दिवा धरून आत डोकावले तर आजही नळी आरशासारखी उजळते.

चांदमारीच्या मैदानावर जाण्याआधी भाच्याने ती बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून तपासून घेतली. हे आवश्यकच होते, कारण जपानी शाळांमधून कवायतीसाठी अशाच दिसणाऱ्या पण बिडाच्या, पोकळ काडतुसापुरत्याच बनवलेल्या रायफली असत आणि त्यांत खरे काडतूस भरणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. बोल्टवरचा क्रमांकही त्याने जुळवून पाहिला. शरणागतीनंतर बोल्ट वेगळे काढून ढीग घातले गेले, त्यामुळे परक्या रायफलीचा बोल्ट लागलेल्या कितीतरी आरिसाका सापडतात. हिचा हिलाच होता.

“मामा, दस्ता खांद्यात घट्ट रुतवा आणि गाल लाकडाला लावून ठेवा,” तो म्हणाला. बोल्टची मूठ अंड्याच्या आकाराची, सरळ आडवी. ती वर उचलून मागे ओढली की पत्र्याचे झाकण खळखळत मागे जाते. (पुष्कळ जपानी शिपायांनी हे झाकण आवाजामुळे फेकून दिले, भाच्याच्या रायफलीवर ते टिकले हे आमचे भाग्य.) पाच काडतुसे पट्टीवरून अंगठ्याने खाली दाबली. बोल्ट पुढे रेटताना शेवटच्या बोटभर अंतरात स्प्रिंगचा विरोध जाणवतो, कारण ही रायफल बोल्ट बंद होताना ताणली जाते. मागे एक गोल, खरबरीत टोपी आहे. तळहाताचा मऊ भाग तिच्यावर दाबून जरा उजवीकडे फिरवला की रायफल सुरक्षित, उलट फिरवला की सज्ज. बोटांनी नव्हे, तळहाताने! थंडीत बधिर झालेल्या, हातमोजे घातलेल्या हातालाही जमावे, अंधारातही समजावे, म्हणून. ही एक टोपी ज्याने कल्पिली त्याने शिपायाचा हात आपल्या हातात घेऊन पाहिला असेल.

चाप आधी सैल येतो, मग एका ठाम जागी थांबतो. तिथून पुढे दाबले की गोळी सुटते. खांद्याला बसलेला धक्का जोरकस, पण बोचरा नव्हे. दूरच्या कागदावर भोक पडलेले दुर्बिणीतून पाहिले आणि दारूचा तिखट वास नाकात भरला, तेव्हा मनात आनंद आणि संकोच दोन्ही एकाच वेळी होते. ज्या हेतूने हे यंत्र जन्मले तो हेतू आपण विसरू नये, आणि तरी त्याच्या घडणीला दाद द्यावी. ही दोन्ही कामे एकाच मनाने करता येतात असे माझे मत आहे.

त्याच मैदानावर भाच्याच्या एका परिचिताकडे 1945 ची, शेवटच्या महिन्यांतली आरिसाका होती. दोन्ही शेजारी ठेवल्या. या उशिराच्या रायफलीला पंख नाहीत, तारेचा पाय नाही, झाकण नाही. मागची साइट म्हणजे एक न हलणारे भोक. खांद्याकडचे पोलादी पान जाऊन तिथे लाकडाची फळी खिळ्यांनी ठोकलेली. बोल्टची मूठ ओबडधोबड, टोपीवर कोरीव खरबरीतपणाऐवजी जोडकामाचे वण, पोलादावर यंत्राच्या हत्याराचे ओरखडे तसेच. नळीतला क्रोमियमही गेला. बॉम्बहल्ल्यांत कारखाने जळत होते, कच्चा माल संपत होता, हे सारे त्या ओरखड्यांत वाचता येते. परंतु बोल्ट उघडून पाहावा. पुढे जिथे दोन दणकट कान काडतुसाला कोंडून धरतात, जिथे स्फोट शिपायाच्या चेहऱ्यापासून वीतभरावर होतो, तिथे मापाशी तडजोड केलेली नाही. युद्धानंतर पी. ओ. अ‍ॅकली या अमेरिकन बंदूककारांनी निरनिराळ्या देशांच्या रायफली मुद्दाम जास्त दारू भरून फोडून पाहिल्या, तेव्हा आरिसाकाच सर्वांत चिवट ठरली. डोळ्यांना सुखावणारे सगळे सोडले आणि माणसाचा जीव राखणारे तेवढे सांभाळले. ही अखेरची, कुरूप रायफल मला म्हणूनच पहिलीपेक्षा अधिक थोर वाटते.

आणि याच नळ्यांसमोर आपली माणसे उभी होती. मार्च 1944 मध्ये मणिपुरातल्या सांगशाकच्या टेकडीवर 50 व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण जपान्यांना थोपवून धरत होती. जानेवारी 1945 मध्ये ब्रह्मदेशाच्या आराकान भागातल्या कांगॉ इथे कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे नेतृत्व करत होते.   अडतिसाव्या नमुन्याची नळी लांब आणि दारू थोडी, म्हणून तिच्या तोंडाशी ज्वाळा फारशी दिसत नसे. ब्रह्मदेशाच्या गर्द झाडीत गोळी कुठून आली ते कळत नसे. वर ज्या कारागिरीला आपण दाद दिली, तिची किंमत या माणसांनी मोजली आहे.

हा इतिहास जवळून पाहण्यासाठी अमेरिकेला जाऊन आरिसाका हाती घेण्याची गरज नाही. कोल्हारहून राहुरीमार्गे नगर गाठा आणि तिथले कॅव्हलरी टँक म्युझियम पाहा. त्यात जपानचा छोटा हा-गो रणगाडा आहे, जवळ जाऊन त्याच्या पोलादावरचे रिव्हेट निरखा. आणि घरात आजोबा-पणजोबांचे बर्मा स्टार पदक ट्रंकेत पडले असेल तर ते काढून उलटे करा. भारतीय सैनिकांच्या त्या पदकांवर मागच्या बाजूला क्रमांक आणि नाव ठोकलेले असते. ते वाचा, आणि पलटण कोणती ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत लिहून ठेवा.