डॅनियल जॉन्स्टन : गीत, रेषा आणि लोकप्रिय प्रतिमा

लोकप्रिय संस्कृतीतील प्रतिमांना चित्रकलेत प्रतिष्ठा मिळवून दिली ती १९६०च्या दशकातील पॉप आर्टने. अँडी वॉरहोल, रॉय लिक्टेन्स्टाइन प्रभृतींनी जाहिराती व कॉमिक्स यांकडे काहीशा अलिप्त, उपरोधिक दृष्टीने पाहिले. अमेरिकन गीतकार, गायक व चित्रकार डॅनियल जॉन्स्टन (१९६१-२०१९) यांच्या चित्रांतही अशाच प्रतिमा आहेत. अलिप्तता मात्र नाही. या भेदातच त्यांच्या कलेचे मर्म सामावलेले आहे.

जॉन्स्टन यांनी साध्या टेपरेकॉर्डरवर घरीच गाणी ध्वनिमुद्रित केली आणि कॅसेटची मुखपृष्ठे स्वतः रेखाटली. ‘हाय, हाउ आर यू’ (१९८३) या कॅसेटवरील बेडूक टेक्सासमधील ऑस्टिन शहरात १९९३ मध्ये भित्तिचित्ररूपाने अवतरला. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांच्या चित्रांना स्थान मिळाले.

साध्या कागदावर मार्करने काढलेल्या या चित्रांत कॅप्टन अमेरिका वारंवार येतो. तो येथे बाजारातील वस्तू नसून सत्प्रवृत्तीचा योद्धा आहे. त्याच्यासमोर सैतान आहे, तर कवटी उघडी पडलेला मुष्टियोद्धा हे चित्रकाराचे स्वनिर्मित पात्र आहे. श्रद्धाळू ख्रिस्ती कुटुंबात वाढलेल्या या कलावंताने पाप-पुण्याचा संघर्ष कॉमिक्सच्या भाषेत मांडला, असे म्हणता येईल.

हीच भाषा त्यांच्या गीतांतही आढळते. १९८३ च्याच ‘यिप/जंप म्युझिक’मध्ये कॅस्पर या बालभुताविषयी आणि किंग काँगविषयी स्वतंत्र गीते आहेत. हयातीत उपेक्षा आणि मृत्यूनंतर आदर, ही विसंगती पहिल्या गीतात व्यक्त होते. दुसऱ्यात वाद्यांच्या साथीविना किंग काँगची शोकांतिका उभी राहते. गीत व चित्र ही येथे दोन स्वतंत्र दालने नसून एकाच आशयाची दोन रूपे ठरतात.

जॉन्स्टन यांना गंभीर मानसिक आजार होता. १९९० मध्ये वडिलांच्या छोट्या विमानातून जाताना आपण कॅस्पर आहोत या भ्रमात त्यांनी विमानाची किल्ली बाहेर फेकली. विमान कोसळूनही दोघे बचावले. या घटनेच्या प्रकाशात त्यांची सर्व निर्मिती वाचण्याचा मोह समीक्षकांना पडतो. परंतु कॅस्परचे गीत त्यापूर्वी सात वर्षे रचले गेले होते आणि त्यातील उपरोध पूर्णतः कवीच्या ताब्यात आहे. ज्या प्रतिमेने पुढे मनाला ग्रासले, तिच्यावर कलावंताने आधी प्रभुत्व मिळवले होते. आजार हे निर्मितीचे स्पष्टीकरण मानल्यास हे प्रभुत्व नजरेआड होते.

उत्तरकालीन चित्रांत त्याच त्या पात्रांची पुनरावृत्ती होते आणि काही ठिकाणी रेषा सवयीची वाटते, ही मर्यादा नाकारता येत नाही. मात्र असा दोष दाखवणे म्हणजेच त्यांना रुग्ण न मानता कलावंत मानणे होय. दयेपोटी केलेल्या कौतुकापेक्षा अशी चिकित्साच त्यांच्या कलेला अधिक न्याय देणारी आहे.