शस्त्रसंग्रहाची दृष्टि

जुन्या लष्करी बंदुका जमविण्याच्या छंदास इतिहाससेवा असें नांव देण्याचा प्रघात आहे. तें त्यास कितपत शोभतें, हें ठरविण्यास संग्राहक बंदुकींत प्रथम काय पाहतो, हें पाहावें. नळीवरील सोन्याचें कोफ्तकाम आणि दस्त्यांतील हस्तिदंत यांचेंच मोल होत असेल, तर तो संग्रह कलेचा होय, इतिहासाचा नव्हे.

तीर्थपुरी ज्या जालना जिल्ह्यांत आहे, त्याच जिल्ह्याच्या उत्तर भागांत असई हें गांव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं तेथें जनरल वेलस्लीनें शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या दिवशीं शिंद्यांच्या कवायती पलटणी चकमकीच्या बंदुका घेऊन लढल्या. महादजी शिंद्यांच्या पदरीं द बॉइननें हें पायदळ उभारलें तेव्हां आग्र्यास सँगस्टर नांवाच्या स्कॉटिश गृहस्थाच्या देखरेखीखालीं तोफा व बंदुका तयार होत. बंदुकीस दहा रुपये खर्च पडे आणि ती विलायती बंदुकीच्या तोडीची असे, असें कॉम्प्टननें १८९२ च्या आपल्या ग्रंथांत नमूद केलें आहे.

या दहा रुपयांच्या बंदुकीवर ना रत्न, ना राजाचें नांव. म्हणूनच हौशी संग्राहक तिला दूर सारतो. वस्तुतः आपल्या एका आवडत्या समजुतीस तीच छेद देते. इंग्रजांचीं शस्त्रें सरस, म्हणून आपण हरलों, असें म्हणून आपण मनाचें समाधान करून घेतों. पण असईंत इंग्रजांचे १५०० हून अधिक लोक ठार वा जखमी झाले. हें निकृष्ट शस्त्रांचें काम नव्हे. उणीव होती ती अन्यत्र. युद्ध सुरू होतांच इंग्रजांच्या जाहीरनाम्यानें शिंद्यांचे कित्येक यूरोपीय अधिकारी चाकरी सोडून गेले. बंदूक घरची, हुकूम देणारा मात्र परका, अशी ती स्थिति होती.

एगर्टननें १८८० सालीं इंडिया म्यूझियममधील शस्त्रांची सूची प्रसिद्ध केली, तींत मांडणी प्रांत व लोक यांस अनुसरून आहे. त्या पद्धतीचा गुण हा कीं, शस्त्रामागचा माणूस दृष्टीआड होत नाहीं. आमच्या संग्राहकांनींही बंदूक मिळाल्याचें ठिकाण, कारखान्याची खूण आणि दुरुस्तीचे व्रण टिपून ठेवावे. लखलखीत करण्याच्या हव्यासानें या खुणा घासून टाकणें म्हणजे दस्तऐवजावरील अक्षरें पुसणें होय. अशी पुसलेली बंदूक दिवाणखान्यास शोभा आणील, पण असईच्या शिपायाविषयीं एक शब्दही बोलणार नाहीं.